पंप निवडताना: कोल्हापूरच्या कारखानदारीत नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कोल्हापूर परिसरात एकही पंप नसलेला कारखाना शोधूनही सापडणार नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत भट्टीची कॉइल थंड ठेवण्यासाठी, साखर कारखान्यांत रसापासून मळीपर्यंत सारे काही पुढे ढकलण्यासाठी, दूध प्रकल्पांत दूध आणि मलई वाहून नेण्यासाठी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगमध्ये गरम रंगपाणी फिरवण्यासाठी आणि पंचगंगेच्या काठावर जॅकवेलमधून (नदीचे पाणी घेणाऱ्या विहिरीतून) उसाला पाणी चढवण्यासाठी पंप अहोरात्र चालू असतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने या भागाला पंपाच्या उद्योगाची ओळख करून दिली, आणि पुढे कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी पंपाच्या केसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) आणि इम्पेलरचे (आतल्या फिरत्या पात्यांच्या चक्राचे) ओतकामही केले. तरीही मेंटेनन्स किंवा खरेदी विभागात नव्याने रुजू झालेला तरुण, अथवा स्वतःचा छोटा कारखाना काढणारा उद्योजक, दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो "किती एचपीचा घ्यावा?" हाच. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. त्याआधी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने ठरवाव्यात, हे पुढे दिले आहे.

पहिली पायरी: द्रव ओळखा

पंपाच्या कॅटलॉगला हात लावण्यापूर्वी कागदावर द्रवाची माहिती लिहून काढावी. द्रव कोणता, त्याचे तापमान किती, तो पाण्याच्या तुलनेत किती जड, किती दाट, त्यात वाळू, भुसा, चिंध्या किंवा तंतू आहेत का, तो धातूला खातो का, आणि हवेत त्याची वाफ होऊन धोका संभवतो का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. "पाणीच आहे" हे उत्तर पुरेसे नाही, कारण नदीचे पावसाळी गढूळ पाणी, कूलिंग टॉवरचे पाणी, बॉयलरचे फीड वॉटर आणि सांडपाणी या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघांना चार वेगळे पंप लागतात.

दुसरी पायरी: प्रवाह आणि हेड मोजा

प्रवाह ताशी घनमीटरमध्ये मांडावा. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. हेड म्हणजे पंपाने पार करायची एकूण चढण, आणि ती मीटरमध्ये मोजतात. उदाहरणादाखल, एका युनिटला विहिरीवरून उंच टाकीत ताशी ५० घनमीटर पाणी न्यायचे आहे असे समजू. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा ४ मीटर वर बसणार आहे, पंपापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची २४ मीटर आहे, पाइप, बेंड आणि व्हॉल्व्ह यांच्या घर्षणात मिळून ६ मीटर जातात, आणि टाकीच्या इनलेटला २ मीटर दाब शिल्लक हवा आहे. एकूण हेड झाले ३६ मीटर. यातले उंचीचे आकडे टेपने मोजता येतात, पण घर्षणाचा आकडा पाइपच्या व्यासावर अवलंबून असतो. चार इंची पाइपऐवजी तीन इंची टाकून वाचवलेले पैसे दर महिन्याच्या वीजबिलातून भरावे लागतात.

येथे एका घातक सवयीबद्दल सांगणे आवश्यक आहे. डिझाइन करणारा सुरक्षिततेसाठी हेड थोडे वाढवतो, कंत्राटदार त्यात आणखी भर घालतो आणि खरेदी विभाग "असू दे जरा मोठा" म्हणून वरचा पंप मागवतो. प्रत्यक्षात हेड कमीच असल्यामुळे सेंट्रिफ्यूगल पंप ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी फेकू लागतो, मोटारवर भार वाढतो आणि ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, म्हणजे जादा भारामुळे मोटार आपोआप बंद पडते. मग ऑपरेटर डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूचा) अर्धा आवळून ठेवतो, म्हणजे वीज खर्चून निर्माण केलेला दाब त्या व्हॉल्व्हमध्येच संपवतो. माझ्या मते या भागातील कारखान्यांत वाया जाणाऱ्या विजेचे हे एक मोठे आणि सहज टाळता येण्याजोगे कारण आहे.

तिसरी पायरी: दोन घराण्यांतून एक निवडा

पंपांची नावे पुष्कळ असली तरी घराणी दोनच. पहिले सेंट्रिफ्यूगल: फिरणारा इम्पेलर द्रवाला वेग देतो आणि शंखाकृती केसिंगमध्ये त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. या पंपाचा प्रवाह हेडप्रमाणे बदलतो. पुढे अडथळा वाढला की पाणी कमी येते. पातळ द्रव आणि मोठा प्रवाह असेल तेथे हे घराणे चालते, आणि कारखान्यातील बहुतेक पंप याच प्रकारचे असतात.

दुसरे पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट घराणे. गिअर, स्क्रू, लोब, व्हेन, प्लंजर आणि डायफ्रॅम हे सारे त्यात येतात. यात द्रवाचा ठरावीक भाग पकडून पुढे ढकलला जातो, त्यामुळे पुढचा दाब कितीही असला तरी प्रत्येक फेऱ्याला जवळपास तेवढाच द्रव बाहेर पडतो. मळीसारखा दाट पदार्थ, मोजून सोडायचे रसायन, हायड्रॉलिकचे तेल किंवा फार मोठा दाब हे याचे क्षेत्र. द्रवाची घनता, म्हणजे जडपणा, आणि त्याचा दाटपणा या दोन गोष्टींत नवखे लोक हमखास गल्लत करतात. जड पण पातळ द्रव सेंट्रिफ्यूगल पंप सहज उचलतो, फक्त मोटार मोठी लागते. परंतु दाटपणा काही शे सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) पुढे गेला की त्याची कार्यक्षमता ढासळते आणि दुसऱ्या घराण्याकडे वळावे लागते.

चौथी पायरी: सक्शनचा, म्हणजे पंपात पाणी येण्याच्या बाजूचा, हिशेब करा

ही पायरी नीट समजली तर पंपाच्या निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत, म्हणून येथे थोडे थांबू. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण पंप केवळ आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर असलेला हवेचा दाब ते पाणी पाइपातून वर रेटतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याच्या १०.३ मीटर स्तंभाएवढा असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे सुमारे ९.७ मीटरच मिळतात. एवढ्याच भांडवलात सारे भागवायचे असते.

वरच्या उदाहरणात ते मांडून पाहू. हवेचा दाब ९.७ मीटर. त्यातून तीस अंश तापमानाच्या पाण्याच्या बाष्पदाबाचे (ज्या दाबाखाली पाण्याची वाफ होऊ लागते त्याचे) ०.४ मीटर वजा, पंप ४ मीटर वर असल्यामुळे ते ४ वजा, आणि फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह) व सक्शन पाइपच्या घर्षणाचे १.२ मीटर वजा. शिल्लक राहिले ४.१ मीटर. याला उपलब्ध एनपीएसएच (नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड) म्हणतात. पंपाच्या कॅटलॉगमध्ये त्या प्रवाहाला लागणारा एनपीएसएच दिलेला असतो. तो ३ मीटर असेल तर पंप समाधानाने चालेल. मात्र हे गणित डिसेंबरचे झाले. एप्रिलमध्ये पाण्याची पातळी आणखी दीड मीटर खाली गेली की शिल्लक २.६ मीटरवर येते, आणि हिवाळाभर शांत चालणारा तोच पंप केसिंगमध्ये खडी फिरावी तसा खडखडू लागतो. म्हणून नदीवरच्या किंवा विहिरीवरच्या पंपाचा हिशेब नेहमी उन्हाळ्यातील सर्वांत खालच्या पातळीवरून करावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यातील बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले-घातले की मागची पातळी बदलते, हेही तेथील जॅकवेलच्या संदर्भात ध्यानात ठेवावे.

त्या खडखडाटाचे नाव कॅव्हिटेशन. दाब बाष्पदाबाच्याही खाली गेल्यामुळे इम्पेलरच्या तोंडाशी पाणी थंड असतानाच त्याच्या वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढताच ते फुटून धातूवर आघात करतात. असा इम्पेलर खोलून पाहावा: पात्यांच्या आतल्या बाजूला, इनलेटपासून थोड्या अंतरावर, धातूला खळगे पडून तो स्पंजासारखा झालेला दिसतो, तर पात्याचा बाकीचा भाग गुळगुळीतच राहिलेला असतो. वाळूने झिजलेल्या इम्पेलरवर याउलट प्रवाहाच्या दिशेने ओढल्यासारखे गुळगुळीत चरे आणि पातळ झालेल्या कडा दिसतात. हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण पहिल्या दुखण्यावर कठीण धातूचा इम्पेलर हा उपाय नसून सक्शन सुधारणे हाच उपाय आहे.

गरम द्रवाच्या बाबतीत हिशेब अधिकच कठोर होतो. बॉयलरच्या फीड टँकमधील पाणी ९५ अंशांवर असेल तर त्याचा बाष्पदाबच हवेच्या दाबाचा बहुतेक हिस्सा खाऊन टाकतो आणि हातात जेमतेम मीटरभर उरतो. म्हणूनच फीड टँक पंपाच्या वर, उंच प्लॅटफॉर्मवर बसवलेला असतो. जागा वाचवण्यासाठी तो खाली आणण्याची सूचना कोणी केली, तर हा हिशेब समोर ठेवावा.

पाचवी पायरी: काम पाहून प्रकार ठरवा

स्वच्छ, थंड पाण्यासाठी आणि मध्यम हेडसाठी एंड सक्शन पंप पुरतो. मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असलेला मोनोब्लॉक स्वस्त आणि आटोपशीर असतो. परंतु सतत चालणाऱ्या कामासाठी कपलिंगचा (मोटार आणि पंपाचे वेगळे शाफ्ट जोडलेला), बॅक पुल-आउट प्रकारचा पंप घ्यावा, कारण त्यात पाइप न सोडवता आणि मोटार न हलवता फिरते भाग मागून काढता येतात. प्रवाह फार मोठा असेल तर स्प्लिट केस पंप, जॅकवेल खोल असेल तर व्हर्टिकल टर्बाइन आणि बोअरसाठी सबमर्सिबल, एवढे लक्षात ठेवले तरी पाण्याचे बहुतेक प्रश्न सुटतात.

पंपांची खरी विविधता पाहायची असेल तर गळीत हंगामात साखर कारखान्यात जावे. गिरणीतून येणाऱ्या कच्च्या रसात उसाचा बारीक भुसा असतो, त्यामुळे तेथे न तुंबणाऱ्या रुंद इम्पेलरचा पंप हवा. चुन्याचे दूध पंपात बसून घट्ट होऊ शकते, म्हणून त्याचा पंप थांबवला की लगेच धुऊन घ्यावा लागतो. कंडेन्सरला पाणी देणारे इंजेक्शन पंप कमी हेडचे पण प्रचंड प्रवाहाचे असतात. मळी आणि मॅसेक्युइट (साखरेचे दाणे आणि पाक यांचे दाट मिश्रण) यांना संथ फिरणारे रोटरी पंप लागतात. त्यांना वेगाने फिरवण्याचा हट्ट धरल्यास सक्शनला पदार्थच पोहोचत नाही. दुसऱ्या टोकाला सहवीज प्रकल्पाचा बॉयलर फीड पंप असतो. बॉयलर चौरस सेंटिमीटरला ८७ किलो दाबाचा असेल तर पंपाला ९०० मीटरहून अधिक हेड द्यावे लागते. ते एका इम्पेलरचे काम नव्हे, म्हणून एकामागे एक इम्पेलर असलेला मल्टिस्टेज पंप वापरतात. एकाच आवारात, काही पावलांच्या अंतरावर, मिनिटाला मोजके फेरे घेणारा मॅसेक्युइट पंप आणि सुमारे २९०० फेरे घेणारा फीड पंप शेजारी शेजारी पाहायला मिळतात. नवशिक्याने तेथील अनुभवी फिटरबरोबर एक पाळी घालवावी, एवढे शिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळते.

फाउंड्रीत पंपाची किंमत वेगळ्या अर्थाने कळते. इंडक्शन फर्नेसच्या तांब्याच्या कॉइलमधून वाहणारे पाणी थांबले आणि भट्टीत वितळलेला धातू असला, तर काही मिनिटांत कॉइल निकामी होऊ शकते, आणि पाणी व वितळलेला धातू एकत्र येण्याचा धोका जिवावर बेततो. वीज गेली तरी अस्तरातील उष्णता तशीच राहते, त्यामुळे पाणी चालूच राहावे लागते. म्हणून येथे एक चालू पंप, एक तयार पंप आणि त्याशिवाय डिझेल पंप किंवा उंचावरची आपत्कालीन टाकी अशी व्यवस्था असते. ही आपत्कालीन व्यवस्था ठरावीक दिवशी मुद्दाम वीज बंद करून तपासलीच पाहिजे. कॉइलच्या बंद सर्किटमध्ये डीएम (क्षार काढलेले) पाणी असल्यामुळे तेथे स्टेनलेस स्टीलचा पंप वापरावा. मशीन शॉपमधील कूलंट पंप उभे, टाकीत बुडालेले असतात आणि त्यांचे आयुष्य टाकीतील चिप्स वेळेवर काढण्यावर ठरते. तेथील हायड्रॉलिक पॉवर पॅकमध्ये गिअर, व्हेन किंवा पिस्टन पंप आढळतो.

दूध प्रकल्पात स्वच्छता आधी येते. तेथील पंप गुळगुळीत पॉलिशच्या स्टेनलेस स्टीलचे, क्लॅम्प सोडून हाताने खोलता येणारे असतात. दुधाला सेंट्रिफ्यूगल पंप चालतो, पण मलई, दही आणि श्रीखंडाचा पोत टिकवायचा असेल तर संथ लोब पंप हवा. होमोजिनायझर हे यंत्र मुळात तीन प्लंजरचा पंपच आहे. तो दुधाला साधारण १५० ते २०० बार दाबाने बारीक फटीतून काढतो.

इचलकरंजीच्या प्रोसेसिंगमध्ये गरम रंगपाण्याचे पंप, थर्मिक फ्लुइडचे गरम तेलाचे पंप, रसायने मोजून सोडणारे डोसिंग पंप आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील गाळासाठी स्क्रू पंप किंवा हवेवर चालणारे डबल डायफ्रॅम पंप असा ताफा असतो. डायफ्रॅम पंप कोरडा चालला तरी लगेच बिघडत नाही आणि त्याला विजेची गरज नसते, त्यामुळे ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या ठिकाणीही तो सोयीचा. मात्र कॉम्प्रेस्ड एअर महाग पडते, म्हणून चोवीस तासांच्या कामाला तो लावू नये.

सहावी पायरी: धातू आणि सील

साध्या पाण्याला बिडाचे केसिंग आणि ब्राँझचा इम्पेलर चालतो. वाळूमिश्रित गाळाला हाय क्रोम धातू किंवा रबर अस्तर हवे. "स्टेनलेस घेतले की झाले" हा समज मात्र सोडून द्यावा. हायड्रोक्लोरिक ॲसिड ३१६ ग्रेडलाही खाते, आणि ब्लीचिंगमधील हायपोक्लोराइट त्याला बारीक छिद्रे पाडते. अशा ठिकाणी पॉलीप्रॉपिलीन किंवा पीव्हीडीएफ या प्लास्टिकचे पंप योग्य.

शाफ्ट केसिंगबाहेर येतो तेथे गळती रोखण्यासाठी ग्लँड पॅकिंग (शाफ्टवरच्या स्लीव्हभोवती, म्हणजे नळीभोवती, आवळून बसवलेली दोरी) किंवा मेकॅनिकल सील असते. पॅकिंगमधून मिनिटाला चाळीस ते साठ थेंब पडलेच पाहिजेत, कारण तेच पाणी दोरीला आणि स्लीव्हला थंड ठेवते. गळती पूर्ण थांबेपर्यंत ग्लँड आवळल्यास दोरी जळते आणि स्लीव्हवर खोल चर पडतो. मेकॅनिकल सील गळत नाही, पण कोरडे चालवल्यास फार थोड्या वेळात जाते.

सातवी पायरी: आता मोटार

आता एचपीचा प्रश्न विचारावा. ताशी घनमीटर गुणिले हेड गुणिले द्रवाची सापेक्ष घनता (पाण्याच्या तुलनेतील जडपणा; पाण्यासाठी १), भागिले ३६७, म्हणजे द्रवाला मिळणारी किलोवॅट शक्ती. आपल्या उदाहरणात ५० गुणिले ३६ भागिले ३६७ म्हणजे ४.९ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर शाफ्टवर ७.५ किलोवॅटच्या थोडे वर लागतात. १० एचपीची मोटार ७.५ किलोवॅटची असते, म्हणजे ती पहिल्या दिवसापासून भाराखाली राहील, म्हणून १२.५ एचपी, म्हणजे ९.३ किलोवॅटची मोटार घ्यावी.

दुकानदाराकडे दोन पंपांच्या किमतींबरोबर त्यांची त्या प्रवाहावरील कार्यक्षमताही मागावी. शाफ्टवर १० किलोवॅट घेणारा पंप दिवसाला वीस तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालला तर साठ हजार युनिट होतात. त्यात दहा टक्के बचत झाली तरी वर्षाला सहा हजार युनिट वाचतात. आपल्या दराने गुणून पाहिले की स्वस्त पंप महाग का पडतो ते कळते. प्रवाह वारंवार कमी-जास्त करावा लागत असेल तर व्हॉल्व्ह आवळण्यापेक्षा व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवावा. घर्षणाचाच अडथळा मुख्य असेल तर वेग ८० टक्क्यांवर आणल्यावर शक्ती जवळपास निम्मीच लागते. जेथे चढणच मोठी आहे, तेथे एवढी बचत होत नाही आणि वेग फार उतरवल्यास पाणी वर चढतच नाही.

आठवी पायरी: बसवणे आणि पहिल्यांदा चालू करणे

सक्शन पाइप पंपाच्या फ्लँजपेक्षा एक माप मोठा घ्यावा, त्याला पंपाकडे सतत हलका चढ द्यावा, आणि रिड्यूसर एका बाजूने सपाट असलेला, सपाट बाजू वर करून बसवावा, म्हणजे वरच्या कोपऱ्यात हवा अडकत नाही. पंपाच्या तोंडाशीच बेंड देऊ नये. व्यासाच्या पाचपट तरी सरळ पाइप असावा. डिलिव्हरीला आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि नंतर गेट व्हॉल्व्ह हा क्रम ठेवावा. पाइपांचे वजन पंपावर टाकू नये, त्यांना स्वतंत्र आधार द्यावा. फ्लँज बारने ओढून बोल्ट घातले तर कपलिंगचे अलाइनमेंट त्याच क्षणी बिघडते, म्हणून पाइप जोडल्यानंतर अलाइनमेंट पुन्हा तपासावे.

चालू करताना पंप आणि सक्शन पाण्याने पूर्ण भरून हवा काढावी, शाफ्ट हाताने फिरवून पाहावा, आणि क्षणभर मोटार देऊन फिरण्याची दिशा बाणाशी जुळते का ते पाहावे. उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंपही थोडे पाणी देतो, त्यामुळे ही चूक अनेक दिवस लक्षात येत नाही. नेहमीचा सेंट्रिफ्यूगल पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करावा आणि लगेच हळूहळू उघडावा. गिअर, स्क्रू किंवा प्लंजर पंपाच्या बाबतीत असे केल्यास पाइप फुटेल किंवा शाफ्ट तुटेल. तेथे व्हॉल्व्ह आधी उघडा आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) चालू स्थितीत असलाच पाहिजे. दोन्ही घराण्यांतील हा फरक पंपाजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा, कारण रात्रपाळीला नवा माणूस असतो. पहिल्याच दिवशी दोन्ही गेजचे आकडे, अँपिअर आणि बेअरिंगचे तापमान वहीत नोंदवावे. पुढे कोणतीही तक्रार आली तर तुलना याच आकड्यांशी करायची असते.

पुरात बुडालेल्या मोटारीबद्दल

नदीकाठी पंप असणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिला आहे. पातळी वाढू लागल्यावर मोटार वेळेत वर काढण्यासाठी चेन पुली, तिला पेलणारा गर्डर आणि पटकन सुटणारे केबलचे कनेक्शन पावसाळ्यापूर्वीच तयार असावे. मोटार काढण्याआधी वीज मुख्य स्विचपासून तोडावी. पाण्यात उभे राहून स्टार्टरला हात लावू नये. तरीही मोटार बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. ती खोलून गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, वाइंडिंग मंद उष्णतेवर पूर्ण सुकवावे, बेअरिंग बदलावीत आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन मोजावे. ते ५ मेगाओमच्या वर जाऊन स्थिर होईपर्यंत मोटारीला वीज देऊ नये. पंपाच्या बेअरिंग हाउसिंगमधील तेलही बदलावे, कारण वरून कोरड्या दिसणाऱ्या हाउसिंगच्या तळाशी पाणी आणि गाळ साचून राहिलेला असतो.